प्रस्ताव मागे घेण्याबाबत

सभागृहात एका सदस्याला दुसऱ्या सदस्याशी थेट बोलता येत नाही. जे काय बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून. 'अध्यक्ष महोदय, माननीय सदस्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे,' असं म्हटलं तर चालतं. तेच समोर बघून म्हटलं की गोंधळ होतो. आमच्या कार्यालयाच्या 'सभाकामकाज मार्गदर्शिके'च्या सगळ्या आवृत्त्यांत हा नियम आहे आणि आमच्या घरात तो सभागृहापेक्षा कडक पाळला जातो. माझे बाबा आणि माझी आत्या माझ्या जन्माच्याही आधीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. आई होती तोवर अध्यक्ष ती होती. "तुझ्या नवऱ्याला म्हणावं" आणि "तुझ्या नणंदेला सांग" यांच्यामध्ये बसून ती शांतपणे जेवायची. ती गेल्यावर खुर्ची माझ्याकडे आली, बिनविरोध.

"अगं, तुझ्या बापाला सांग, पंखा कमी कर."

"तुझ्या आत्याला म्हणावं, उकडतंय."

दोघं एकाच टेबलाशी, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. मी पंखा एकाने कमी करायची. दोघंही नाराज व्हायचे, म्हणजे निर्णय निःपक्षपाती.

कधीकाळी हे दोघं एकमेकांशिवाय घोटभर पाणी पीत नव्हते, असं सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. आत्या थोरली. आजी-आजोबा लवकर गेले आणि बाबांना तिनेच लहानाचं मोठं केलं. स्वतः नियम शाखेत नोकरीला लागली, मागोमाग त्यांनाही तिथेच आणलं. मार्गदर्शिकेची तिसरी आवृत्ती दोघांनी मिळून केली. चौथीही दोघं मिळूनच करायला बसले होते. ती निम्म्यावर असताना काहीतरी बिनसलं. आत्याने ग्रंथालयात बदली मागून घेतली आणि चौथी आवृत्ती बाबांनी एकट्याने पुरी केली. काय बिनसलं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. आई लग्न होऊन आली तेव्हा अबोला आधीपासूनच घरात नांदत होता. घरातल्या जुन्या कपाटासारखी तिने त्याच्याभोवती आपली मांडामांड केली.

आणि आता आत्या चालली होती. तिची शाळेतली मैत्रीण, निवृत्त नर्स, डोंगरातल्या एका लहान गावात एकटी राहते. दोन खोल्या, मागे बाग. तिने ये म्हटलं आणि आत्याने होकार कळवून टाकला. जेवताना, ताटातली भाजी बाजूला सारत, तिने मला उद्देशून सांगितलं, "अध्यक्षबाई, येत्या रविवारी मी या घरातून माझं नाव मागे घेतेय."

"आत्या, तिथे तुला करमणार आहे का? त्या एका मैत्रिणीशिवाय बोलायला कोणी नाही."

"तिथे कोणी बोलणार नाही ते कोणी नाही म्हणून. इथलं तसं नाही ना."

बाबांचा घास हातातच राहिला. मग तो तोंडात गेला आणि ते मला म्हणाले, "तुझ्या आत्याला विचार, गुडघ्याचं औषध पुरेसं घेतलंय का."

मला इतका राग आला की मी विचारलंच नाही. आयुष्याची उतरण लागली, बहीण घर सोडून निघाली, आणि हा माणूस औषधाची चौकशी करतो, तीही माझ्या मार्फत. आत्याला मी अडवू शकत नव्हते, तो हक्क माझा नव्हता. पण ती जाण्याआधी बाबांनी तिच्याशी एक वाक्य बोलावं, सरळ, मध्ये मी नसताना, एवढं मला हवं होतं.

त्याच आठवड्यात साहेबांनी माझ्या टेबलावर मार्गदर्शिकेच्या सहाही आवृत्त्या आणून ठेवल्या. सातवी काढायची होती. आधीच्या सगळ्या ओळीने ताडून, कोणता नियम कुठे कसा बदलला याचं टिपण हवं होतं. ताडणं हे एकट्याचं काम नाही. एकाने मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने दुसऱ्या आवृत्तीवर पट्टी ठेवून ओळ ओळ खाली यायचं. जिथे फरक दिसेल तिथे 'थांब' म्हणायचं. माझी जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर होती. साहेब म्हणाले, "तुमच्या घरी दोन मुरलेली माणसं बसली आहेत की!"

मुरलेली आहेत हे खरं. लोणच्याइतकीच आंबटही आहेत, हे मी साहेबांना सांगितलं नाही.

मी घरी येऊन आवृत्त्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि काहीच न बोलता आत निघून गेले. परत आले तेव्हा बाबा चष्मा पुसत होते आणि आत्याने पट्टी हातात घेतली होती. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच उशीर केला. बाबा वाचणार, आत्या ताडणार, मी टिपणार. हे एकमेकांशी बोलणं नव्हे, नियम वाचणं आहे, अशी दोघांनी मनात पळवाट काढली असावी.

पुढच्या दुपारी मला अजून नीट सुट्या सुट्या आठवत नाहीत. पडदा ओढलेला, त्यातून आलेलं पिवळट ऊन टेबलावर सरकत सरकत भिंतीपर्यंत जायचं. जुन्या कागदाचा गोडसर वास. आणि बाबांचा आवाज, कोरडा, एका पट्टीतला, "सदस्याने, स्वल्पविराम, आसनावरून उठल्यावाचून, स्वल्पविराम, बोलू नये, पूर्णविराम." 'स्वल्पविराम' हा शब्द खऱ्या स्वल्पविरामापेक्षा कितीतरी लांब आहे. तो वारंवार ऐकला की मन मध्येच कुठेतरी बसून राहतं.

पहिली आवृत्ती तर गोष्टीचं पुस्तक वाटावी अशी. 'सदस्याने आपली छत्री बाहेर ठेवावी.' दुसरीत 'छत्री व काठी'. तिसरीत 'छत्री, काठी व तत्सम वस्तू'. चौथीत छत्री गेली, काठी गेली, उरली फक्त 'कोणतीही वस्तू'. पहिलीत लिहिलं होतं की सदस्याने सभागृहात झोपू नये. दुसरीने जरा समजूतदारपणा दाखवला, घोरू नये एवढंच म्हटलं. आणि तिसरीत होतं, 'गणपूर्ती मोजताना निद्रिस्त सदस्यास उपस्थित समजावे.'

"हा नियम कोणी घातला?" मी हसत विचारलं.

"मी," आत्या म्हणाली. "झोपलेला माणूस कुठे गेलेला नसतो."

बाबा पुस्तकात बघून किंचित हसले. ते मी टिपण्यासारखं नव्हतं, तरी मनात टिपलं.

झोपेबद्दल बोलायचं तर ती मलाही यायची. पेन्सिल हातात, डोकं जड, आणि पूर्णविरामांच्या मधल्या जागेत मी कुठल्या कुठे जायची. एकदा मी सभागृहातच पोचले. उंच खुर्चीत मी बसलेय आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. छत नाहीच, वर नुसता उजेड. एका बाजूच्या सगळ्या बाकांवर आत्या बसलेली आहे, बाक तितक्या आत्या. दोन वेण्यांची, नोकरीच्या पहिल्या दिवसाची, केस पिकू लागलेली, आताची. समोरच्या बाकांवर बाबा, गुडघा फुटलेला मुलगा, मिसरूड फुटलेला पोरगा, नवरदेव, टक्कल पडलेले. सगळे माझ्याकडे बघतायत, एकमेकांकडे कोणीच नाही. मला काहीतरी विचारायचं आहे, मतास टाकायचं आहे, पण हातातल्या पुस्तकाची पानं कोरी आहेत. मी तोंड उघडते आणि आवाज निघतो तो आईचा. "आधी जेवून घ्या," ती म्हणते. सगळ्या वयांच्या आत्या आणि सगळ्या वयांचे बाबा निमूट उठतात.

"पूर्णविराम. नवा परिच्छेद," बाबा वाचत होते. माझी मान टेबलाला टेकायला आली होती. आत्याने माझ्या डोक्याखाली हळूच पाचवी आवृत्ती सरकवली होती. ती सगळ्यांत जाड आहे.

शनिवारी, आत्याच्या निघण्याच्या आदल्या दुपारी, आम्ही तिसरी आणि चौथी ताडत होतो. तिसरी आत्याच्या पट्टीखाली, चौथी बाबांच्या हातात. आत्याची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती आणि तिघंही तिच्याकडे पाठ करून बसलो होतो.

"प्रस्ताव मागे घेण्याबाबत," बाबांनी मथळा वाचला. "ज्या सदस्याने प्रस्ताव मांडला असेल त्यास तो सभागृहाच्या अनुमतीने मागे घेता येईल, पूर्णविराम. त्यासाठी अध्यक्ष असे विचारतील, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह सुरू, कोणाची हरकत आहे का, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह बंद, पूर्णविराम. हरकत नसल्यास सदस्य, अवतरणचिन्ह सुरू, नाही, अवतरणचिन्ह बंद, असे म्हणतील..."

"थांब."

मी पेन्सिल उचलली. मग लक्षात आलं की आत्या माझ्याकडे बघत नव्हती, बाबांकडे बघत होती. इतके दिवस तिने 'थांब' म्हटलं होतं ते माझ्याकडे वळून.

"परत वाच," ती म्हणाली.

बाबांनी वाचलं. आवाज जरा कापला, पण विरामचिन्हं सुटली नाहीत.

"इथे तसं नाही," आत्या म्हणाली.  "इथे आहे, 'सभागृहाची परवानगी आहे का?' आणि परवानगी असेल तर सदस्य 'हो' म्हणतील. हो. तू ते कधी बदललंस?"

"चौथी करताना." बाबा अजून पुस्तकाकडेच बघत होते. "जुन्या रीतीत हो म्हणायला कोणी तोंडच उघडायचं नाही. अर्धे झोपलेले. हरकत विचारली की माणसं जागी होतात, असं मला वाटलं. घरीच बदललं, याच टेबलावर. तू... तू दारात येऊन उभी राहिलीस ना, तेव्हा हेच पान पुढ्यात होतं."

"मी तुला काय विचारलं होतं दारात?"

"हरकत आहे का म्हणून."

"नाही रे." आत्याने पट्टी खाली ठेवली. "मी म्हटलं, माननीय सदस्या या घरातून आपलं नाव मागे घेऊ इच्छितात, सभागृहाची परवानगी आहे का? असं विचारलं मी. मी तिसरी आवृत्ती पाठ केलेली बाई. चौथीत तू घरी बसून काय बदलतोयस ते मला काय ठाऊक?"

बाबांनी आता मान वर केली.

"आणि तू म्हणालास, नाही," आत्या म्हणाली.

मला काहीच कळत नव्हतं, आणि माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण आत्याने मला समजावून सांगितलं. तिचा आवाज अगदी साधा होता, शेजारच्या घरातली हकिकत सांगावी तसा. सभागृहात एक लघुलेखक होता. भराभर अर्धेमुर्धे शब्द टिपायचा म्हणून सगळे त्याला अर्धाशब्द म्हणायचे. त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं. तिला हवं होतं, पण धाकट्या भावाला घरात एकटं टाकून जायचं म्हणून जीव खाली-वर होत होता. थेट विचारायची लाज वाटली, म्हणून तिने सभागृहाच्या भाषेत, थट्टेच्या सुरात विचारलं. भाऊ कागदांत डोकं घालून बसलेला. तो वर न बघता 'नाही' म्हणाला. तिने दुसऱ्या दिवशी अर्ध्याशब्दाला नकार दिला.

"मी हरकत नाही म्हटलं गं ताई," बाबा म्हणाले. ताई हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. "आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं तुमचं. मला आनंद झाला होता. नुकतंच ते वाक्य लिहून बसलो होतो, हरकत आहे का, नाही. तेच डोक्यात. तू विचारलंस, मी म्हटलं, नाही. हरकत नाही. जा म्हणून म्हटलं मी."

"वर तरी बघायचंस."

"पान संपवत होतो."

"मग आठवड्याने माझ्यावर ओरडलास का?"

"तू त्याला नकार दिलास कळलं म्हणून! का म्हणून विचारलं तर तू म्हणालीस, तुझ्यामुळे. मला वाटलं, याला अजून वाढवायचं राहिलंय म्हणून थांबलीस. माझ्या डोक्यावर उपकार करून ठेवतेयस. मी काय कुक्कुलं बाळ होतो?"

"तुझ्यामुळेच तर थांबले."

"आत्ता कळतंय मला, कशामुळे ते."

आत्या हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पाणी आल्यावर हसू थांबलं, पाणी थांबलं नाही. बाबा खुर्चीतून अर्धवट उठले आणि काय करावं ते न समजून तसेच वाकून उभे राहिले.

मला दोघांचाही भयंकर संताप आला. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं तपासलीत, कुणाचा अनुस्वार सुटला तर डोळ्यांत तेल घालून पकडलात, आणि आपल्याच घरातलं एक वाक्य एकदा परत विचारायला काय धाड भरली होती? हे सगळं मी मोठ्याने म्हणाले. मग मलाही रडू आलं, म्हणून पुढचं नीट म्हणता आलं नाही.

"तो कुठे असतो आता?" बाबांनी हळू आवाजात विचारलं.

"नसतो," आत्या म्हणाली. "गेला. बरीच वर्षं झाली. पेपरात आलं होतं."

ऊन भिंतीवर चढून विरत होतं. कितीतरी वेळ कोणी बोललं नाही, आणि तो अबोला नव्हता, नुसतं गप्प बसणं होतं. दोन्हींतला फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. शेवटी आत्यानेच डोळे पुसले आणि माझ्या कागदाकडे बोट केलं.

"लिही गं. तिसरीत हो म्हणजे परवानगी. चौथीत नाही म्हणजे परवानगी. पुढच्यांना सावध करायला हवं."

"चूक माझी," बाबा म्हणाले. "मजकूर घोटाळ्याचा केला मी."

"मजकूर ठीक आहे. तू वर बघितलं नाहीस, एवढंच." आणि तिने पट्टी पुढच्या ओळीवर नेली. "वाच पुढे. उरकलं पाहिजे."

बाबांनी वाचलं. त्या दिवशीचं सगळं वाचून झालं, पण रविवारबद्दल त्यांनी शब्द काढला नाही. मला वाटलं होतं, आता बोलतील. आता तर मध्ये काहीच उरलं नव्हतं. रात्रीच्या जेवणाला ते स्वतः आत्याच्या ताटात वाढत राहिले, तिने पुरे म्हटल्यावरही. तिने सगळं संपवलं.

सकाळी टॅक्सी आली. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत उभे होते, समारंभाला निघाल्यासारखे. आत्याने मला जवळ घेतलं, केसांतून हात फिरवला, मग त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी बाजूला सरकले. खूप वर्षांनी त्या दोघांच्या मधली जागा मोकळी होती आणि मला तिचीच भीती वाटत होती.

"बोल," आत्या म्हणाली. "काल दुपारपासून ओठांवर घेऊन फिरतोयस. पण हो-नाही नको. पुरं वाक्य बोल."

"ताई," बाबा म्हणाले.  खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. "तू गेलीस तर मी अबोला कोणाशी धरू?"

 आत्याने त्यांच्या गालावरून हात फिरवला, जिथे दाढी करताना लागलं होतं त्याच्या कडेने, जपून.

"कालच्याआधी हे बोलला असतास, तर राहिलेच असते," ती म्हणाली. "आता नको अडवूस. तेव्हा जाता आलं नाही रे मला. एकदा तरी जाऊन बघू दे."

"परत येशील?"

"गेल्यावर सांगेन. तुलाच सांगेन, हिला मध्ये न घालता." तिने पदर खोचला. "जाऊ ना?"

बाबांच्या तोंडात दुसराच शब्द होता. मला तो दिसत होता. त्यांनी एकवार बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग नजर वर करून तिच्या डोळ्यांत बघितलं.

"हो," ते म्हणाले. आणि तिला पुन्हा काही भलतंच ऐकू जाईल या भीतीने लगेच, घाईघाईने, रडत म्हणाले, "हो म्हणजे जा, ताई."